दहा जणांची कुपी

"ही सुई वाकंल, बाई," ज्ञानू वस्ताद म्हणाले आणि बंडीची बाही वर सरकवून त्यांनी दंड माझ्यापुढे धरला. "लावा हात, लाजू नका. हितं सुई शिरंल असं वाटतंय तुमास्नी?"

तालमीच्या कट्ट्यावर बसलेली आठ-नऊ म्हातारी माणसं खदाखदा हसली. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळी थंडी पडायला लागली होती, पण चौऱ्याहत्तर वर्षांचे वस्ताद नुसत्या बंडीवर उभे होते. मी खांद्यावरची लशीची निळी पेटी खाली ठेवली.

"वस्ताद, सुई शिरते. काळजी करू नका. काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटतं."

"मुंगी म्हणं!" कट्ट्यावरून सखोबा सुतार बोलले. "माझ्या मेव्हण्याला हेच सांगितलं हुतं तुमी. दोन दिस हुडहुडी भरली हुती त्याला. घरात रडारड झाली."

"तसं होतं कधी कधी—"

"मग आधी का न्हाई बोलला?"

मी वाकून पेटीचं झाकण चाचपू लागले. वस्तादांनी संधी साधली. मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "आमी दूध-बदाम खाऊन अंग कमावलंय. आमाला सरकारचं औषीद कशाला? काय रं?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी पेटी पुन्हा खांद्याला लावली.

मी जमीला मुलाणी, खोचवडीच्या उपकेंद्रात नर्स. त्या गावात बदली होऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. त्याआधी, उन्हाळ्यातल्या करोनाच्या दुसऱ्या लाटेत, खोचवडीतली नऊ म्हातारी माणसं गेली होती. तिसरी लाट येणार म्हणून सगळीकडे बोललं जात होतं आणि माझ्या यादीत एकही डोस न घेतलेले साठीपुढचे त्रेसष्ट जण होते. तालुक्यात सगळ्यात मागे आमचंच गाव.

"बाई, यादी वाचत बसू नका," आमची आशाताई विजया मला म्हणाली. "त्रेसष्ट नाहीत, दोनच माणसं आहेत. खालच्या तालमीचे ज्ञानू वस्ताद आणि वरच्या तालमीचे शिदगोंडा आप्पा. निम्मी म्हातारी यांचं ऐकतात, निम्मी त्यांचं."

"मग आप्पांकडे जाऊ."

"गेले होते मी. ते म्हणतात, ज्ञानूच्या आधी घेणार नाही आणि ज्ञानूच्या मागनं तर मुळीच घेणार नाही."

हे दोघे एकेचाळीस वर्षं एकमेकांशी बोललेले नव्हते. गावच्या जत्रेत त्यांची कुस्ती झाली होती. एकाची पाठ मातीला लागली म्हणून पंचांनी निकाल दिला, मग लोक आखाड्यात घुसले, मग पंच पळून गेले. पाठ कुणाची लागली यावरून गावात अजून दोन मतं होती.

यादीत वस्तादांच्या नावाखाली आणखी एक नाव होतं. हौसाबाई ज्ञानू खोत, वय सत्तर.

"त्यांच्या घरच्या ना या? यांना का नाही दिली?"

"हौसाक्का. पहिल्या लॉकडाऊनला अर्धांगाचा झटका आला होता. आता काठी घेऊन चालतात म्हणे."

"म्हणे म्हणजे? तू पाहिलंस?"

विजया जरा ओशाळली. "घर मळ्यात आहे, गावापासून लांब. तेव्हा कुणी कुणाकडे जातच नव्हतं. नंतर दोनदा गेले, तर वस्तादांनी दारातूनच सांगितलं की झोपलीय, बरी आहे."

दुसऱ्या दिवशी वस्ताद तालमीत असतील ती वेळ साधून मी एकटीच मळ्यात गेले. उसाच्या दोन फडांमधून वाट होती. घर कौलारू, अंगण शेणानं सारवलेलं, आणि दाराला बाहेरून कडी.

मी परत फिरणार तोच आतून आवाज आला, जरा जड, शब्द चिकटलेले. "कोण हाय? कडी काढ की! माझ्या हातानं निघाली असती तर मीच नसती का उघडली?"

आत खिडकीजवळ खाट होती. तिच्यावर एक चांगली थोराड अंगाची बाई उताणी पडली होती. डावा हात आणि पाय निकामी, ओठ एका बाजूला ओढलेला, पण डोळे मात्र लखलखीत. लुगडं स्वच्छ होतं. कुंकू किंचित बाजूला सरकलेलं होतं आणि वेणी कासऱ्यासारखी पीळ देऊन घट्ट घातलेली होती.

"वेणी कुणी घातली, मावशी?"

"कोण घालणार? तालमीतल्या हातानं घातलीया. डोकं ठणकतंय माझं, पर त्यास्नी बोलत न्हाई. किती जीव लावून घालत्यात!" असं म्हणून त्या अर्ध्या तोंडानं हसल्या.

मी नाव सांगितलं, कशासाठी आले ते सांगितलं. मग नर्सच्या सवयीनं त्यांना कुशीवर वळवून पाठ बघितली. मला एकटीला वळवणं जड गेलं. वीस महिने अंथरुणावर असलेलं माणूस, आणि पाठीवर, कमरेवर, टाचेवर एकही जखम नाही. मी मोठमोठे दवाखाने पाहिले आहेत, पण इतकं नीट राखलेलं अंग तोवर पाहिलं नव्हतं.

"दर दोन तासाला वळवत्यात," हौसाक्का म्हणाल्या. "फकस्त सकाळचा एक तास तालमीत जात्यात. त्येबी मीच घालवते. न्हाईतर लोक इचारतील, वस्ताद का येत न्हाई."

"तुमची मुलं?"

"एक लेक हाय, तिकडं चिकोडीकडं. तिला सांगितलंय, आई काठीनं चालती."

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. वस्ताद दारात उभे राहिले. मला पाहून त्यांचा चेहरा लाल झाला.

"कुणी उघडलं दार? कुणाला इचारून आलासा?"

"मीच म्हटलं उघड," हौसाक्का म्हणाल्या. "वरडू नका. पोरगी चांगली हाय."

"गावात जाऊन सांगणार आता ही!"

"नाही सांगणार," मी म्हटलं. "पण वस्ताद, तुम्ही लस का घेत नाही ते मला सांगा. दूध-बदाम नको. खरं सांगा."

हौसाक्का त्यांच्याकडे बघत होत्या. वस्तादांनी खाटेवरची चादर सारखी केली, तिला सुरकुती नव्हती तरी.

"मला मरणाचं भ्या न्हाई, बाई," ते म्हणाले. "तापाचं हाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुटक तुटक, माझ्याकडे न बघता. श्रावणात त्यांना ताप भरला होता. कसला ते कळलं नाही, पण असा की चुलीपाशी पडले ते उठताच येईना. हौसाक्का खाटेवरून हाका मारत राहिल्या. पाण्याचा माठ दोघांनाही दिसत होता आणि दोघांनाही तिथवर जाता येत नव्हतं. एक अख्खा दिवस आणि वर रात्र. अंथरूण ओलं झालं, त्यातच त्या पडून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्ताद रांगत माठापाशी गेले आणि पेल्यात पाणी घेऊन रांगतच खाटेशी आले.

"तर ही पाणी पिईना. मला म्हणती, तुमी पिला का आधी?" वस्तादांनी घसा खाकरला. "आता तुमी सांगा. सुई घेतली तर ताप येतो का न्हाई? तुमी म्हणाल त्यावर हाय."

त्या क्षणी 'नाही' हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी नाही म्हटलं असतं तर वस्तादांनी तिथेच दंड पुढे केला असता आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या गावानं. कदाचित ताप आलाही नसता. महिनाभर मी दारोदार तेच सांगत फिरत होते, काही होत नाही, काही होत नाही. पण त्या बाईची पाठ मी नुकतीच पाहिली होती.

"येऊ शकतो," मी म्हटलं. "सगळ्यांना येत नाही. आला तर एक दिवस, फार तर दोन. गोळी देईन. पण येणारच नाही असं मला सांगता येणार नाही."

वस्ताद जमिनीवर बसले. इतका वेळ ते उभेच होते.

"पयल्यांदाच खरं बोललासा," ते म्हणाले.

"आणि आजार झाला तर दोन दिवसांवर भागणार नाही, वस्ताद. पंधरा-पंधरा दिवस दवाखान्यात काढलेत लोकांनी. मग हौसाक्कांचं काय?"

"ते मला कळत न्हाई व्हय? रोज उठून तेच कळतंय."

"मग दोन दिवस कुणाला तरी इथे बोलावू. अंघोळ-कपडे मी आणि विजया बघू. फक्त उचलायला, वळवायला ताकदीचं माणूस हवं. तुमचे एवढे पठ्ठे आहेत—"

"पठ्ठं न्हाई!" हौसाक्का एकदम म्हणाल्या. "माझ्या हातच्या भाकरी खाल्ल्याती त्या पोरांनी. त्यांच्यापुढं अशी?" मग त्या म्हणाल्या, "शिदगोंडाला बोलवा."

वस्तादांनी मान झटकन वर केली. "त्याला? त्या शिदगोंडाला?"

"व्हय. बाकीची कीव करतील. त्यो करणार न्हाई. त्यो भांडंल."

वस्ताद उठले, माठातलं पाणी पेल्यात घेऊन हौसाक्कांना पाजलं, आणि पाठमोरे असतानाच मला म्हणाले, "सांगा जाऊन. येत असला तर येऊ दे. मी बोलवलंय म्हणू नका."

शिदगोंडा मगदूम सोप्यात एकटेच जेवत बसले होते. भरलं घर होतं, दोन मुलगे, सुना, सगळं. पण आप्पांचं ताट बाहेर सोप्यात यायचं आणि रिकामं होऊन आत जायचं. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

"लशीचं बोलायचं असंल तर वळा माघारी," ते मला पाहून म्हणाले.

"वस्तादांच्या घरचं बोलायचंय. हौसाक्कांनी पाठवलंय."

मी सगळं सांगितलं. आप्पांच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. माझं बोलून झाल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं.

"वीस महिने?"

"हो."

"एकट्यानं उचलतोय?"

"एकट्यानं."

"गाढव," आप्पा म्हणाले. "माकडहाड मोडून घेईल." ते उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि मला म्हणाले, "कवा यायचं?"

आता अडचण माझी होती. लशीची एक कुपी दहा जणांची. फोडली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर उरलेली टाकून द्यायची. मळ्यात माणसं आप्पांना धरून तीन. तीन जणांसाठी कुपी फोडून सात डोस फेकायला माझा हात धजला नसता. डॉक्टरांना फोन करून मी हौसाक्कांना घरीच द्यायची परवानगी घेतली, पण कुपीचं काय करायचं ते त्यांनाही सुचलं नाही. मी वस्तादांना सरळ सांगितलं.

"म्हंजे आणखी सात पायजेत," ते म्हणाले.

"हो. पण इथे नको असतील तर—"

त्यांनी हौसाक्कांकडे पाहिलं. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला दिसलं नाही, पण झालं. दुसऱ्या सकाळी वस्ताद तालमीच्या कट्ट्यावर गेले आणि म्हणाले, "उद्या माझ्या मळ्यात या, सातजण. का ते इचारू नका."

मी आणि विजया पेटी घेऊन पोचलो तेव्हा दाराच्या दोन्ही फळ्या उघड्या होत्या. आतून आरडाओरडा ऐकू येत होता.

"कमरंखाली हात घाल, कमरंखाली! कुस्तीचा पट काढायला आलाईस का?"

"तू मला शिकवू नगंस! तुझ्या धरण्यानं तर वैनीची बरगडी मोडंल!"

"वीस महिने मोडली न्हाई ती!"

"अरं, मी आखाड्यातली माती हाय का?" हौसाक्का ओरडल्या. "उचला न्हाईतर सोडा!"

एकेचाळीस वर्षांनी त्या दोघांनी एकमेकांशी केलेलं हे पहिलं बोलणं. दोघांनी मिळून त्यांना खुर्चीत बसवून अंगणात शेवग्याखाली आणलं, तेव्हा कट्ट्यावरची सात माणसं ओळीनं उभी होती. सखोबा सुतारांनी टोपी काढून हातात घेतली. वस्ताद खाली मान घालून उभे होते.

"टोपी का काढतोयस, सखा?" हौसाक्का म्हणाल्या. "मेली न्हाई मी अजून."

पहिलं हसू सखोबांचंच फुटलं. मग सगळे हसले, वस्तादसुद्धा, डोळे पुसत.

मी सगळ्यांना समोर बसवलं आणि सांगितलं की दंड दुखेल, ताप येऊ शकतो, एखाददुसरा दिवस अंग मोडून येऊ शकतं. गोळ्या देऊन जाईन, माझा फोन नंबर विजयाकडे आहे, काहीही वाटलं तर कधीही करा. सखोबा म्हणाले, "हां, आता कसं!" आणि सगळ्यात आधी बाही वर केली.

"थांब," वस्ताद म्हणाले. "आधी हिला."

हौसाक्कांना दिली. मग वाद सुरू झाला. मी आप्पांना म्हटलं, "आप्पा, तुम्ही दोन दिवस वस्तादांना सांभाळायला आलात. तुम्हालाही ताप आला तर? तुम्ही पुढच्या आठवड्यात घ्या, एक डोस वाया गेला तर जाऊ दे."

"आन् ह्यो गावभर सांगत फिरू दे, की शिदगोंडा मागं राहिला म्हणून? आत्ता घेणार. ह्याच्या आधी."

"माझ्या घरात माझ्या आधी?"

शेवटी दोघांना एकाच बाकड्यावर पाठीला पाठ लावून बसवलं. कुणाला आधी टोचली ते दोघांनाही दिसलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. सुई वाकली नाही.

लस घेतल्यावर अर्धा तास थांबावं लागतं. दहा म्हातारी माणसं शेवग्याखाली नुसती बसलेली, चहाचे पेले हातात. मग जे व्हायचं तेच झालं. कुस्ती निघाली. खांदा टेकला होता, टेकला नव्हता, पंच फितूर होता. दोन्ही बाजूंनी आवाज चढला. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "हौसाक्का, तुमी त्या दिवशी जत्रंत हुता. बायकांच्या बाजूनं सगळं दिसत हुतं. तुमीच सांगा, पाठ कुणाची लागली?"

वस्ताद आणि आप्पा दोघंही पुढे वाकले.

"मी काकणं भरत हुते," हौसाक्का म्हणाल्या. "कुस्ती कुणी बघितलीया?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावतच मळ्यात गेले. डोक्यात एकच विचार होता, वस्ताद पडले तर नसतील? दारात पोचले तर वस्ताद ठणठणीत उभे, हातात पितळी पातेलं आणि खांद्यावर ओला पंचा.

"ताप?" मी विचारलं.

"मला काय झालंय? दंडबी दुखत न्हाई." त्यांनी आत मान वळवली. "ह्यो पडलाय बगा, पैलवान. रातभर कण्हत हुता."

सोप्यातल्या खाटेवर शिदगोंडा आप्पा गोधडी नाकापर्यंत ओढून पडले होते. कपाळावर पट्टी. पलीकडच्या खाटेवरून हौसाक्का त्यांच्याकडे बघत होत्या आणि हसता हसता त्यांचा श्वास लागत होता. त्यांना एवढंसंही काही झालं नव्हतं.

"मला सांभाळायला आलता," वस्ताद म्हणाले. "इकडं वळ, तिकडं वळ, पाणी दे, पट्टी बदल. हिला वळवायचं आन् त्यालाबी वळवायचं. दोन-दोन!" त्यांची तक्रार चालू होती, पण चेहरा मात्र दोन वर्षांनी घरात पाव्हणा आल्यासारखा होता. "आंबील केलीया, आणतो," म्हणत ते आत गेले.

मी आप्पांच्या तोंडात थर्मामीटर धरला. बाहेर काढून बघितला. ताप नव्हता. अंग गार होतं, नाडी शांत.

"आप्पा, ताप उतरलाय. कधीच उतरलाय."

आप्पांनी एक डोळा उघडला. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ते हळूच म्हणाले, "पहाटंपासनंच न्हाई. पर बाई, उठलो की घरी जावं लागतंय."

मी थर्मामीटर झटकला आणि डबीत ठेवला. वस्ताद आंबिलीचा वाडगा घेऊन बाहेर आले. "किती हाय?"

"अजून एक दिवस झोपून राहू द्या," मी म्हटलं. "उठू देऊ नका."

"उठतोय कसला! मी हाय न्हवं." वस्तादांनी एका हातानं आप्पांची मान उचलून वाडगा त्यांच्या तोंडाला लावला. "पी. सांडू नगंस. लई मिजास चढलीया."

माझा फोन वाजला. विजया होती, बोलताना तिला धाप लागत होती. "बाई, लवकर या! उपकेंद्रापुढे दोन्ही तालमींची म्हातारी बसलीत. सखोबांनी सगळ्यांना सांगितलंय, ताप येतो म्हणून बाईनं आधीच सांगितलंय, बाई खोटं बोलत नाही. एकोणीस आहेत, अजून येताहेत. दोन बायका विचारताहेत, हौसाक्कांकडे भाकरी घेऊन कधी जायचं?"

"आलेच," मी म्हटलं आणि पेटी उचलली.

हौसाक्कांनी चांगल्या हातानं माझा पदर धरला. "ए पोरी, थांब. त्या सुईचा दुसरा डोस कवा असतो?"

"चौऱ्याऐंशी दिवसांनी, मावशी."

त्यांनी आप्पांच्या खाटेकडे पाहिलं. वस्ताद आप्पांचं तोंड पंच्यानं पुसत होते आणि आप्पा त्यांना शिव्या देत होते.

"जरा लवकर न्हाई का गं देता येत?"